त्रेचाळिसाव्या पानावरची खूण

राजेश्वरीनं जून २०२३ पासून पुस्तकं विकत घेणं बंद केलं. निर्णय तिचा एकटीचा होता आणि त्यावर घरात चर्चा झाली नाही. नवरा आनंद लोणी देवकरच्या एका कारखान्यात होता. त्याच्या विभागातल्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या होत्या. मुलगी इरा बारामतीला वसतिगृहात राहून शिकत होती. राजेश्वरी स्वतः इंदापुरात एका खासगी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसायची. महिन्याला दोन पुस्तकं घरपोच मागवण्याची सवय तिनं मोडली आणि कपाटातलीच पुन्हा वाचायला काढली. तीही संपत आली तेव्हा ती मुद्दाम सावकाश वाचू लागली.

"पान उलटायला कुणाची परवानगी लागते का तुला?" आनंदनं एकदा विचारलं.

"उलटलं की कमी होतं," ती म्हणाली.

दर शनिवारी ती एसटीनं बारामतीला जायची, इराला डबा आणि धुतलेले कपडे द्यायला. बायकांचं तिकीट अर्धं झाल्यापासून ही फेरी जड जात नव्हती. इराचं प्रॅक्टिकल चार वाजता सुटायचं आणि गाडी दोनच्या आधीच पोचायची. मधला वेळ स्टँडवरच्या बाकावर जायचा. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी बाकांवर जागा नव्हती. ती पिशवी उचलून चालत निघाली आणि बाजारपेठेतल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या चढली. त्या पायऱ्यांवर ती सदतीस वर्षांनी पाय ठेवत होती.

१९८६ साली ती काटेवाडीहून बारामतीच्या शाळेत यायची आणि आठवड्याला दोन पुस्तकं इथून न्यायची. वडील रामहरी भाजीपाला करायचे. काकडी, वांगी, भेंडी. घरातली सगळी त्यांना आबा म्हणत. मुलगी कामं टाकून वाचते, अशी आबांची तक्रार नव्हती, कारण ती कामं उरकून वाचायची. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. वाचणाऱ्या पोरीला पाहुणे बघायला आले, तर ती मान खाली घालत नाही, पाहुण्यांकडंच बघत बसते. दहावीच्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी त्यांनी तिच्या दप्तरातून वाचनालयाचं कार्ड काढलं आणि जाऊन जमा केलं. घरी येऊन "बंद केलं" एवढंच सांगितलं.

चार वर्षांनी तिनं स्वतःच्या पसंतीनं आनंदशी लग्न केलं. आबा लग्नाला आले नाहीत. पुढं पंचवीस वर्षं ते तिच्या दारात आले नाहीत आणि ती त्यांच्या दारात गेली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गेले. ती दहाव्याला गेली, मागं उभी राहिली आणि न जेवता परतली. त्याच वर्षी भावाच्या, ज्ञानेशच्या नावानं तिनं हक्कसोडीवर सही केली. भांडण झालं नाही, पण काटेवाडीला जाणं कायमचं सुटलं.

वाचनालयात ग्रंथपाल मोहनराव एकटेच होते. साठीच्या जवळ आलेला, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारा माणूस. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

"दोन फोटो, आधारची झेरॉक्स. आणि पुस्तकावर काही लिहायचं नाही."

"मी लिहीत नाही."

"सगळेच असं म्हणतात बाई. मग पुस्तक परत येतं तेव्हा त्यात किराणाची यादी असते."

त्या दिवशी ती दोन पुस्तकं घेऊन बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिनं पहिलं उघडलं आणि आपण भिगवणवाल्या गाडीत चढलो की इंदापूरच्या, हे पाहायचंही विसरली. पुढचे तीन आठवडे तिनं अधाशासारखं वाचलं. प्रस्तावना, मुद्रकाचा पत्ता, शेवटच्या पानावरची जाहिरात, सगळं. दवाखान्याला औषध कंपनीकडून फुकट मिळालेल्या डायरीत ती वाचलेल्या पुस्तकांची नावं तारखेसह लिहायची. पुस्तक संपेल या भीतीनं सावकाश वाचण्याचं आता कारण उरलं नव्हतं. ते संपलं की दुसरं होतं, आणि त्यामागं दोन खोल्या भरून.

चौथ्या आठवड्यात तिला ती खूण दिसली.

या वाचनालयाची एक जुनी पद्धत होती. पहिल्या आणि शेवटच्या पानाबरोबरच प्रत्येक पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या पानावर एक शिक्का मारायचा, त्यात दाखल क्रमांक आणि तारीख घालायची. कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. त्या शिक्क्याच्या खाली, समासात, पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा काढल्या होत्या आणि मध्ये एक टिंब होतं.

राजेश्वरीनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. ही खूण ती ओळखत होती. बारामतीच्या बाजारात माल उतरवताना कुणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक शेतकरी आपल्या करंड्यांवर, नंतर क्रेटवर, रंगानं खूण करतो. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. दोन रेघा आणि मध्ये टिंब ही त्यांच्या घरची खूण होती. दहा वर्षांची असताना तिनं स्वतः तांबड्या रंगानं ती रंगवली होती आणि टिंब मोठं झालं म्हणून आबांची बोलणी खाल्ली होती.

म्हणजे आबा इथं येत होते. माल लावल्यावर आडत्याकडून हिशोबाची पट्टी मिळेपर्यंत दोन-तीन तास मोकळे असत. तेवढ्यात ते इथं येऊन बसत असणार. तिचं कार्ड बंद करणारा माणूस नंतर स्वतः वाचू लागला होता, आणि वाचलेलं पुन्हा हातात येऊ नये म्हणून घरची खूण करत होता.

तिनं मोहनरावांना काही विचारलं नाही. भिंतीवर 'पुस्तकांवर खुणा करू नयेत' असा फलक होता, आणि मेलेल्या बापाचा गुन्हा कशाला उघड करायचा, असं तिला वाटलं. घरीही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारपासून ती कपाटासमोर उभी राहून प्रत्येक पुस्तकाचं त्रेचाळिसावं पान आधी पाहू लागली. खूण असेल तेच पुस्तक घ्यायचं.

वर्षभरात तिनं अशी एकेचाळीस पुस्तकं वाचली. निवड तिला चकित करणारी होती. विहिरी खणणाऱ्या वडारांवरचं एक पुस्तक होतं, एका वकिलाचं आत्मचरित्र होतं, पण बाकी बहुतेक कादंबऱ्या, आणि त्याही बायकांच्या. परित्यक्ता, शिक्षिका, नर्सा, घर सोडून गेलेल्या मुली. आबा हे वाचत होते? ती एकेक पान वाचताना ते तिथं थांबले असतील का, त्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधायची. घर सोडून गेलेल्या मुलीच्या कादंबरीत एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मुलगी बापाला पत्र लिहिते, ते पान. त्या रात्री आनंदनं विचारलं, "डोळे का लाल झालेत?" ती म्हणाली, "गाडीत धूळ होती."

तिला एकच गोष्ट हवी होती: त्या पंचवीस वर्षांत बापाला कधीतरी आपलं चुकलं असं वाटलं होतं का. विचारायला माणूस उरला नव्हता. पुस्तकं होती, आणि ती हो म्हणत होती.

ऑगस्ट २०२४ च्या तिसऱ्या शनिवारी तिनं एक कादंबरी काढली, दोन बहिणींची गोष्ट. त्रेचाळिसाव्या पानावर खूण होती. तिनं पुस्तक पिशवीत टाकलं, आणि पायरीवरच थांबून ते पुन्हा बाहेर काढलं. नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या बाईचे डोळे तारखेवरून सहज सरकत नाहीत. आजवरच्या पुस्तकांवरचे शिक्के आबांच्या हयातीतले होते. या शिक्क्यात तारीख होती: ११ मार्च २०२१.

जुनं पुस्तक कुणीतरी उशिरा भेट दिलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मग पहिलं पान उघडलं. पहिली आवृत्ती, २०१९. आबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

ती परत आत गेली आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं.

"मोहनराव, ही खूण कुणाची?"

मोहनरावांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर घेतला आणि कपाळाला हात लावला.

"धोंडाबाई. दुसरं कोण? वीस वेळा सांगितलं असेल. म्हणतात, 'पेन्सिलच हाय की, खोडून टाका.' मी काय हजार पुस्तकं खोडत बसू?"

"कोण धोंडाबाई?"

"काटेवाडीच्या. मंगळवारी येतात, बाजार करून. आमच्या जुन्या सभासद आहेत. माझ्याही आधीपासूनच्या."

राजेश्वरीनं खुर्ची ओढली आणि बसली. धोंडाबाई तिची धाकटी चुलती. आबांचा धाकटा भाऊ विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. घरातली मुलं तिला नानी म्हणत. गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा ती जायची. सहीपुरतं शिकली, असं घरात सगळे म्हणत. एवढ्या वर्षांत, एवढ्या पुस्तकांत, राजेश्वरीच्या मनात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"त्यांचं सभासद होणं जुन्या रजिस्टरात असेल ना? बघू शकते?"

"बघा की. त्यात काय लपवायचंय?"

कापडी बांधणीचं रजिस्टर होतं. क्रमांक ६१४. आधी निळ्या शाईत नाव होतं: राजेश्वरी रामहरी, काटेवाडी, विद्यार्थिनी. त्यावर लाल आडवी रेघ. शेजारी त्याच लाल शाईत: नाव बदल, धोंडाबाई, नातं चुलती. दिनांक ९ डिसेंबर १९८६. खाली आबांची वेडीवाकडी सही.

कार्ड बंद झालंच नव्हतं.

तिनं इराला फोन करून डबा वसतिगृहाच्या फाटकावर ठेवते असं सांगितलं, तो ठेवला आणि काटेवाडीच्या वडापमध्ये बसली. जीपमध्ये अकरा माणसं होती. कुणी तिला ओळखलं नाही.

धोंडाबाई शेडमध्ये बसून वांगी निवडत होती. डाग पडलेली एका बाजूला, सारखी क्रेटमध्ये. वयाची बासष्ट वर्षं आणि गुडघ्याला पट्टा. ज्ञानेशची बायको प्रगती पलीकडं पाइप गुंडाळत होती. तिनं आधी पाहिलं.

"अगं बाई, वन्सं! रस्ता चुकला का काय?" तिचा आवाज गोड होता, पण टोमणा होताच. "बसा, चहा टाकते. साखर चालती ना, का शहरात सोडलीसा?"

"चालते," राजेश्वरी म्हणाली.

प्रगती आत गेली. धोंडाबाईनं मान वर केली, एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा वांगी हातात घेतली. "बस. तितं पोतं हाय, ते घे खाली."

राजेश्वरी बसली. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, त्रेचाळिसावं पान उघडलं आणि क्रेटच्या काठावर ठेवलं. क्रेटवर तीच खूण होती, तांबड्या रंगात.

धोंडाबाईचे हात थांबले. "त्या मोहनरावानं पाठवलं व्हय तुला? दंड मागतोय का आता?"

"नानी, मला वाटलं ही खूण आबांची आहे. वर्षभर वाटत होतं."

"आबांची?" धोंडाबाईला हसू आलं, आणि राजेश्वरीचा चेहरा बघून ते गेलं. "अगं, पट्टी सोडून दुसरा कागद त्यांनी कधी हातात धरला न्हाय. लग्नपत्रिकाबी ज्ञानेश वाचून दाखवायचा."

"मग घरची खूण कशाला केलीस?"

"सही केली तर नाव कळंल. खूण बाजारात कळती, वाचनालयात कुणाला कळायची? आन खूण नसली की वाचलेलंच परत हाताला यायचं. एक मंगळवार वाया. मला आठवड्याला एकच खेप मिळायची, राजी."

प्रगतीनं चहा आणून ठेवला, थोडी रेंगाळली आणि परत गेली.

"रजिस्टर बघून आले मी," राजेश्वरी म्हणाली. "सहाशे चौदा."

धोंडाबाईनं हातातलं वांगं पाहिलं. ते चांगलं होतं, तरी तिनं डागाच्या ढिगात टाकलं.

"त्या दिवशी मी संगं हुते. काकडी आडत्याकडं लावली आन आबा म्हणले, चल, एक काम हाय. तितं गेल्यावर त्यांनी कार्ड टेबलावर टाकलं. तवाचा कारकून म्हणाला, नाव कमी करायचं, का घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावानं करू? वर्षाची वर्गणी भरलेलीच हाय. आबा न्हाय म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, माझ्या नावानं करा. कसं तोंडातनं गेलं, मला अजून कळत न्हाय."

"आणि आबा?"

"आबांनी माझ्याकडं बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, करा, हिचं आता काय बिघडायचं राहिलंय." धोंडाबाईनं पुढचं वांगं उचललं. "तवा वाटलं, दया आली त्यांना. लई दिवस तसंच वाटत हुतं. वाचायला लागल्यावर कळलं, काय बोलले ते."

शेडच्या पत्र्यावर कावळा उतरला आणि उडाला. राजेश्वरीनं चहाचा कप उचलला नाही.

"नानी, एक विचारते. नीट सांग. आबा माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

"बोलायचे की. शेवटी शेवटी तर तुझं नाव..."

"काय बोलले?"

"हेच. की पोरगी..."

"कधी? दवाखान्यात असताना, की घरी आणल्यावर? तेव्हा जवळ कोण होतं?"

रोज खिडकीवर शंभर माणसांना विचारावं तसं ती विचारत होती. आवाज चढला नव्हता. धोंडाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि पदरानं हात पुसले.

"न्हाय बोलले," ती म्हणाली. "एकदाबी न्हाय. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत हुते."

राजेश्वरीनं मान हलवली. एकेचाळीस पुस्तकांतून तिनं एक माणूस उभा केला होता. तो बाकावर बसून पानाचा कोपरा दुमडत असे. तो माणूस कधी नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये जो गेला, तो शेवटपर्यंत तसाच होता.

"माझंबी ऐक," धोंडाबाई म्हणाली. "त्यांचं झालं, आता माझं. त्यानंतर चार वर्षं आपण एका घरात हुतो. मी मोटारीच्या खोलीत बसून वाचायची, आन तू चुलीपाशी पेपरच्या पुड्या उलगडून वाचत बसायचीस, मिठाच्या, साखरेच्या. बघत हुते मी. एखादं पुस्तक तुझ्या उशाखाली सरकवलं असतं तर काय झालं असतं? पण आबांना कळलं असतं तर माझंबी बंद झालं असतं. मी माझं राखलं."

रस्त्यावरून दुधाचा टेंपो गेला. आत प्रगती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "व्हय, आल्यात. न्हाय, भांडायला न्हाय वाटत."

"तू गेलीस तवा सगळे म्हणाले, कार्ड बंद केलं तरी गेलीच की," धोंडाबाई म्हणाली. "मी कायबी बोलले न्हाय. मला वाटलं, बरं झालं. तेबी कधी तुला सांगितलं न्हाय."

"सांगायला माणूस पाठवता आला असता."

"आला असता."

"आबांच्या दहाव्याला मी मागं उभी होते."

"दिसलीस मला. पाणी घेऊन निघालेच हुते. तवर तू फाट्यापर्यंत पोचली हुतीस." मग तिनंच जोडलं, "जोरात चालले असते तर गाठलं असतं. न्हाय चालले."

राजेश्वरीनं चहा घेतला. तो गार झाला होता, तरी तिनं संपवला. मग समोरचं वांग्यांचं पोतं ओढून तीही निवडायला लागली. बराच वेळ दोघी निवडत राहिल्या. धोंडाबाईनं तिच्या ढिगातलं एक उचलून परत टाकलं. "ह्याला कीड हाय. देठापाशी बघायचं असतंय. विसरलीस."

क्रेट भरला तेव्हा धोंडाबाईनं हात झटकले आणि काठावरचं पुस्तक उचललं. जाड भिंगाचा चष्मा पोलक्यातून काढून तिनं नाव वाचलं.

"हे पुरं झालं तुझं?"

"आजच घेतलंय."

"मग काय सांगत न्हाय. वाच. त्यातल्या थोरल्या बहिणीचं वागणं मला पटलं न्हाय. तीन वर्षं झाली, डोक्यातनं जात न्हाय. ती वाईट हाय, का लिहिणाऱ्याला नीट जमलं न्हाय, कुणाला तरी विचारायचं हाय."

"मोहनरावांना विचारायचं."

"तो वाचतो कुठं? तो मोजतो नुसता." धोंडाबाईनं पुस्तक तिच्या हातात दिलं. "अडतीस वर्षं वाचतीया मी. एकदाबी कुणाशी बोलले न्हाय त्यावर. प्रगतीला सांगायला गेले तर म्हणती, मालिकेत घालायला पायजे."

राजेश्वरीनं पुस्तक पिशवीत ठेवलं. पिशवीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"मंगळवारी मला सुट्टी नसते," ती म्हणाली.

"शनवारी मी येती. माल ज्ञानेश लावंल."

पलीकडं वांग्याच्या सरींमधून पाणी हळूहळू पुढं सरकत होतं. ते सरीच्या टोकाला पोचेपर्यंत राजेश्वरी बघत राहिली. धोंडाबाई रिकामा क्रेट पुढं ओढत होती.

"साडेदहाला उघडतं," राजेश्वरी म्हणाली.

"मला म्हाईत हाय," धोंडाबाई म्हणाली.